दांडा मधोमध असला तर तुमचं काय जातं?

गोल्फ खेळणाऱ्यांत एक जमात असते. तुमच्या हातातली काठी बघून तुमची लायकी ठरवणारी. या जमातीचा सगळ्यात लाडका बळी म्हणजे सेंटर शाफ्टेड पटर वापरणारा माणूस. "अरे, हा तर मिनी-गोल्फचा पटर!", "नवशिक्यांचं खेळणं आहे ते", "जरा हात बसला की नीट पटर घे"... आमच्या ऑफिसातही गेल्या काही वर्षांत गोल्फचं वारं शिरलंय आणि त्याबरोबर ही अक्कलही फुकट वाटली जातेय. म्हणून या शनिवारी हा विषय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचाय त्यांना लवकर येईल. सेंटर शाफ्टेड पटरला नाकं मुरडण्यामागे ना भौतिकशास्त्र आहे, ना इतिहास. आहे ती फक्त सवय, आणि सवयीला परंपरा म्हणायची आपली जुनी खोड.

ज्यांचा गोल्फशी संबंध टीव्हीवर चॅनेल बदलण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पटर म्हणजे ग्रीनवर, अर्थात होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू घरंगळत होलात घालायची काठी. खाली धातूचं डोकं, वर दांडा, म्हणजे शाफ्ट. डोक्याचं तुमच्या पायाकडचं टोक म्हणजे हील, लांबचं टोक म्हणजे टो. बहुतेक पटरमध्ये दांडा हीलकडे जोडलेला असतो. सेंटर शाफ्टेडमध्ये तो मधोमध किंवा मध्याच्या अगदी जवळ असतो. बस्स, एवढाच फरक. आणि एवढ्याशा फरकावरून शंभर वर्षांहून जास्त काळ भांडणं चालू आहेत. (व्हीआय की ईमॅक्स यावर भांडणाऱ्या आपल्या जमातीने यावर हसू नये :-))

आता म्हणाल, चेंडू हळूच ढकलायचा, त्यात एवढं काय? तर जरा आकडेमोड करू. होलाचा व्यास १०.८ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४. समजा तुम्ही ३ मीटरवरून सपाट ग्रीनवर पट मारताय आणि चेंडू ठरवलेल्या दिशेपेक्षा फक्त १ अंश बाजूला निघाला. होलापाशी पोचेपर्यंत तो ५.२ सेंटिमीटर सरकलेला असतो, म्हणजे थेट कडेवर. वेग जरा जास्त असेल तर कड चाटून बाहेर. ६ मीटरवर तर विषयच संपला. आणि चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः ठरतं टक्कर होताना पटरचा चेहरा कुठे बघत होता त्यावरून. थोडक्यात, हा सगळा खेळ एका अंशाचा आहे. त्या एका अंशाच्या आत राहायला ज्याला जी काठी मदत करते ती त्याने वापरावी, इतकं हे साधं आहे. पण साधं राहू देतील तर ते लोक कसले!

मग काही जणांना दांडा मधोमध का आवडतो? माझ्या मते तीन कारणं आहेत.

पहिलं कारण, दाराची बिजागरी. बिजागरी कडेला असते म्हणून दार उघडतं आणि मिटतं. हीलला दांडा असलेल्या पटरचं डोकं असंच दांड्याच्या एका बाजूला लोंबकळत असतं. हात मागे गेले की ते उघडायला बघतं, पुढे येताना ते वेळेत मिटावं लागतं. ज्यांच्या हाताला हा ताल सापडलाय त्यांना तो फार प्रिय असतो. पण ज्यांना तो सापडत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक पट म्हणजे वेळेशी शर्यत. दांडा गुरुत्वमध्याच्या जवळ आणला की हे उघडझाप करायला लावणारं बळ कमी होतं. डोकं आपल्या मर्जीने फिरायला कमी बघतं, हातांना कमी सांभाळावं लागतं. घरी करून बघा. पटरचा दांडा बोटावर आडवा तोला. टो खाली लोंबली तर त्याला टो हँग म्हणतात. चेहरा छताकडे बघत राहिला तर पटर फेस बॅलन्स्ड आहे. सेंटर शाफ्टेड पटर पुष्कळदा या दुसऱ्या गटात येतात. (पुष्कळदा, नेहमी नाही. दांडा वाकवून हीलकडून जोडलेला पटरही फेस बॅलन्स्ड करता येतो.)

दुसरं कारण, डोळे. हीलकडे दांडा असलेल्या बऱ्याच पटरमध्ये ऑफसेट असतो, म्हणजे चेहरा दांड्याच्या रेषेच्या थोडा मागे. काहींना तो बरा वाटतो, काहींना त्यामुळे नेमच लागत नाही. सेंटर शाफ्टेडमध्ये ऑफसेट सहसा नसतो किंवा अगदी कमी असतो. दांडा जिथे संपतो तिथेच चेंडूला मारायचं. दोन्ही बाजूंना सारखं डोकं दिसतं. ज्यांच्या डोळ्यांना अशी समान मांडणी हवी असते त्यांना यात चेहरा चौकोनी लावणं सोपं जातं.

तिसरं कारण, हातांची जुनी ओळख. क्रिकेटच्या बॅटची मूठ कुठे असते? पात्याच्या मधल्या रेषेत. टेबल टेनिसची बॅट? मधोमध. टेनिसची रॅकेट? मधोमध. लहानपणापासून ज्या हाताने मूठ आणि मारायची जागा एका रेषेत धरली, त्या हाताला गोल्फमध्ये आल्यावर एकदम सांगायचं की बाबा रे, आता मारायची जागा मुठीच्या बाजूला आहे. जमतं, सरावाने सगळं जमतं. पण ज्याला पहिल्याच दिवशी मधल्या दांड्याने बरं वाटलं त्याला "नवशिका" म्हणण्यात कसली आलीय हुशारी?

आता इतिहास. कारण "खरा पटर असा नसतोच" म्हणणारे लोक नेहमी परंपरेच्या आड लपतात.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी नावाचं गाव आहे, जनरल इलेक्ट्रिकचं गाव. तिथल्या आर्थर नाइट या जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनिअरने अॅल्युमिनियमच्या डोक्याचा, मधोमध दांड्याचा पटर बनवला आणि १९०३ साली त्याचं पेटंट मिळवलं. गावाच्या नावावरून तो स्केनेक्टडी पटर म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस तो घेऊन इंग्लंडला सँडविचला गेला आणि ब्रिटिश अॅमॅच्युअर स्पर्धा जिंकून आला. हा माणूस जन्माने ऑस्ट्रेलियन, राहायला अमेरिकेत, वय ४२ आणि गोल्फची काठी पहिल्यांदा हातात घेतली ती पस्तिशीच्या उंबरठ्यावर. लांब फटके मारण्यात तो कधीच पुढे नव्हता, त्याचं पोट भरत होतं ते पटिंगवर. ब्रिटनबाहेरच्या माणसाने ती स्पर्धा जिंकायची ही पहिलीच वेळ.

१९१० साली सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए ने मॅलेटसारख्या डोक्याच्या, मधोमध दांड्याच्या पटरवर बंदी घातली. हा ट्रॅव्हिसच्या विजयाचा सूड होता असं चवीने सांगितलं जातं. मला ते तितकंसं पटत नाही, कारण मधे सहा वर्षं गेली होती आणि वादाला निमित्त झालं ते न्यूझीलंडच्या एका क्लबने क्रोकेच्या मॅलेटबद्दल विचारलेला प्रश्न. पण सूड नसला तरी बंदीत एक गोष्ट उघड दिसते. "ही काठी गोल्फच्या काठीसारखी दिसत नाही." आक्षेप दिसण्यावर होता! अमेरिकेच्या यूएसजीएने ही बंदी मानली नाही. गोल्फ खेळणारे अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्टसुद्धा या पटरच्या बाजूने बोलले. परिणाम काय? एकच खेळ, एकच चेंडू, पण अटलांटिकच्या एका बाजूला जी काठी चालते ती दुसऱ्या बाजूला बेकायदा. १९५१ साली दोन्ही संस्था एकत्र बसल्या, १९५२ पासून समान नियम आले आणि त्यात मधला दांडा सगळीकडे कायदेशीर झाला.

चाळीसहून जास्त वर्षं! एक बग रिपोर्ट उघडा राहायचा हा विक्रमच म्हणायचा. आणि बंदी उठल्यावर आकाश कोसळलं का? १९६३ मध्ये बॉब चार्ल्सने ब्रिटिश ओपन जिंकली, मेजर स्पर्धा जिंकणारा पहिला डावखुरा. त्याच्या हातात बुल्स आय, म्हणजे पितळेचा, बारीक अंगाचा, मधल्या दांड्याचा पटर. १९७३ मध्ये जॉनी मिलरने ओकमाँटला यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी ६३ फटक्यांत फेरी पूर्ण केली, तीही बुल्स आय घेऊन. ओकमाँटचे ग्रीन म्हणजे काचेवर चेंडू ठेवल्यासारखे. तिथे "नवशिक्यांचं खेळणं" चाललं, आणि आमच्या वीकेंड वीरांना ते कमी दर्जाचं वाटतं. धन्य!

गंमत बघा, या गोष्टीतला दुसरा इंजिनिअरही जनरल इलेक्ट्रिकचाच. कार्स्टन सोल्हाइम. चाळिशी ओलांडल्यावर सहकाऱ्यांच्या नादाने गोल्फ खेळायला लागला आणि पटिंगने वैतागला. वैतागलेला इंजिनिअर काय करतो? गराजमध्ये जाऊन स्वतःचं टूल लिहितो! १९५९ साली त्याने जो पटर बनवला त्यात वजन हील आणि टोकडे सरकवलेलं होतं आणि दांडा हीलऐवजी मध्यात. चेंडू लागला की "पिंग" असा आवाज यायचा, तेच पुढे कंपनीचं नाव झालं. नंतर १९६६ मध्ये त्याच माणसाने अॅन्सर बनवला, वाकड्या मानेचा, हीलकडून जोडलेला. आज दुकानात दिसणारे कितीतरी पटर या अॅन्सरचे नातेवाईक आहेत. टायगर वूड्सने १५ पैकी १४ मेजर ज्या पटरने जिंकल्या तोही याच घराण्यातला.

इथे प्रतिपक्ष टाळ्या वाजवेल. "बघा, सोल्हाइमसुद्धा शेवटी हीलकडे आला!" थांबा जरा. त्याने दोन्ही केलं. ज्या कल्पनेवर त्याचं नाव झालं ती दांड्याच्या जागेची नव्हतीच. वजन दोन टोकांना नेलं की चेंडू मध्यापासून जरा बाजूला लागला तरी डोकं कमी पिळतं, ही ती कल्पना. आणि यातच सगळ्यात लोकप्रिय गैरसमजाचं उत्तर आहे.

गैरसमज असा की, "मधल्या दांड्याचा पटर चुकीच्या फटक्याला माफ करत नाही." चेंडू आणि पटर यांची गाठ जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. हातांना काही कळून त्यांनी काही करायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. त्या क्षणी डोकं जवळजवळ मोकळ्या वस्तूसारखं वागतं आणि फिरलंच तर स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरतं. किती फिरेल हे ठरतं डोक्याच्या मोमेंट ऑफ इनर्शियावर, म्हणजे वजन मध्यापासून किती लांब पसरलंय त्यावर. दांडा कुठे जोडलाय याचा वाटा त्यात फार थोडा. बुल्स आय माफ करत नाही हे खरं, पण ते त्याच्या बारीक अंगामुळे. तितकंच बारीक पातं हीलकडे दांडा लावून बनवा, तेही माफ करणार नाही. उलट रुंद मॅलेटला मधोमध दांडा लावा, तो भरपूर माफ करेल. दोन व्हेरिएबल एकत्र बदलून निष्कर्ष एकाच्या नावावर टाकायचा, हे कोड रिव्ह्यूमध्ये कुणी केलं असतं तर याच लोकांनी त्याला सोलून काढलं असतं.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावतो, कारण दुकानदारी तिथेही कमी नाही. "मधला दांडा घ्या, पटिंग सुधारेल" ही जाहिरात तितकीच पोकळ आहे. मधल्या दांड्याचे तोटे आहेत. काहींना दांडा चेंडूच्या आणि नजरेच्या मधे आल्यासारखा वाटतो. ऑफसेट नसल्यामुळे हात आपोआप पुढे राहत नाहीत. ज्यांचा स्ट्रोक मुळातच कमानीत फिरतो त्यांना टो हँग नसलेला पटर मेलेला वाटू शकतो. बेन क्रेनशॉ हा पटिंगमधला जादूगार. त्याचा प्रसिद्ध पटर हीलकडे दांडा असलेलं साधं पातं होतं. त्याच्या हातात कुणी मॅलेट द्यायला गेला असता तर तो गुन्हाच ठरला असता. मुद्दा असा की दोन्ही चालतात, आणि कुणाला काय चालतं हे त्याच्या हातांनी आणि डोळ्यांनी ठरवायचं, शेजारच्या माणसाने नाही.

सध्याचं चित्र तर आणखी मजेदार आहे. शून्य टॉर्क नावाची लाट आलीये, म्हणजे स्ट्रोक मारताना चेहरा स्वतःहून वळूच नये असा तोललेला पटर. बिजागरीचा तोच जुना प्रश्न, फक्त जास्त काटेकोरपणे सोडवलेला. ल्युकस ग्लोव्हर हा २००९ चा यूएस ओपन विजेता. नंतर त्याला यिप्सने धरलं, म्हणजे अगदी छोटा पट मारताना हात आपोआप झटका देतो तो प्रकार. वर्षानुवर्षं तो त्यात अडकला होता. २०२३ मध्ये त्याने एल.ए.बी. कंपनीचा असा लांब पटर घेतला आणि ऑगस्टमध्ये लागोपाठ दोन आठवडे दोन स्पर्धा जिंकल्या. २०२५ मध्ये जे. जे. स्पॉनने त्याच कंपनीचा पटर घेऊन यूएस ओपन जिंकली, शेवटच्या होलवर ६४ फुटांहून लांबचा पट घालून. कुठे? त्याच ओकमाँटला, जिथे ५२ वर्षांपूर्वी मिलरने बुल्स आय चालवला होता. केवळ पटरमुळे हे घडलं असं कुणी म्हणू नये. पण "चांगले खेळाडू असलं काही वापरत नाहीत" हे वाक्य तरी आता कचऱ्याच्या टोपलीत टाकायला हरकत नाही.

मग एवढं रान उठवायचं कारण काय? सांगतो.

आमच्या ऑफिसात एक सिनियर आहेत, पन्नाशीच्या आसपासचे. छोटा पट मारताना त्यांचे हात थरथरायचे. कुणाकडून तरी जुना सेंटर शाफ्टेड पटर मिळाला आणि त्यांचं बरं चाललं होतं. मग ग्रुपमधल्या टगेगिरीला सुरुवात झाली. "काका, क्रोके खेळायला आलात का?" असं दोन-तीन रविवार चाललं. त्यांनी आधी तो पटर बॅगेत ठेवणं बंद केलं, नंतर येणंच बंद केलं. कारण अर्थातच "कामाचं प्रेशर" सांगितलं. माझा राग इथे आहे. नियमपुस्तक त्यांच्या बाजूने होतं, भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने होतं, होलात पडणारा चेंडू त्यांच्या बाजूने होता. विरुद्ध होती फक्त चार पोरांची चेष्टा, आणि ती जिंकली.

गोल्फच्या नियमांत बाकी सगळ्या काठ्यांचा दांडा हीललाच असावा लागतो. सवलत एकट्या पटरला आहे, त्याचा दांडा डोक्यावर कुठेही लावा. म्हणजे ज्यांनी एकेकाळी बंदी घातली त्यांनीच हे दार उघडं ठेवलंय. मधल्या काळात त्यांनी इतर दारं बंदही केली. चेंडूच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून क्रोकेसारखा पट मारणाऱ्या सॅम स्नीडची पद्धत १९६८ पासून बंद झाली. पटर अंगाला टेकवून मारणं २०१६ पासून बंद झालं. त्या बंद्यांवर वाद घालता येईल, पण निदान त्या पट कसा मारायचा याबद्दल आहेत. मधल्या दांड्याबद्दलचा वाद मात्र कधीच मिटलाय. तो उकरून काढायचा अधिकार ड्रायव्हिंग रेंजवरच्या स्वयंघोषित समितीला कुणी दिला?

आणि खरं सांगू? ही मनोवृत्ती फक्त गोल्फमधली नाही. "खरा प्रोग्रॅमर आयडीई वापरत नाही", "खरा फोटोग्राफर ऑटोवर ठेवत नाही", "खरा ट्रेकर काठी घेत नाही"... प्रत्येक ठिकाणी वाक्य तेच. मी कष्टाने शिकलो, तू सोप्या रस्त्याने का आलास? स्वतःच्या कष्टाची किंमत दुसऱ्याच्या सोयीतून वसूल करायची ही वृत्ती. ट्रॅव्हिस पस्तिशीला सुरू करून आला, सोल्हाइम चाळिशीनंतर. उशिरा आलेल्या माणसाला जुनी सवय नसते, म्हणून तो विचारतो, "हे असंच का?" पटरच्या बाबतीत तरी पुढची वाट बऱ्याचदा याच प्रश्नाने उघडली.

तेव्हा मंडळी, उद्या ग्रीनवर कुणाच्या हातात मधल्या दांड्याचा पटर दिसला तर एकच करा. गप्प उभे राहा, चेंडू कुठे जातो ते बघा. पडला तर "छान" म्हणा. नाही पडला तरी तुमचा स्वतःचा पट अजून बाकी आहे, त्याची काळजी करा.